गाण्यांचं कपाट जपणारं शहर : रीगा

गुरुवार

रीगाला भारतातून थेट विमान नाही. आम्ही मायलेकी मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे आलो, दुपारी उतरलो आणि विमानतळाबाहेर उभी असलेली २२ नंबरची बस धरली. अर्ध्या तासात बस दौगावा नदीच्या पुलावर चढते आणि पलीकडच्या काठावर जुनं शहर एकदम समोर येतं. उजवीकडे सेंट पीटरचा उंच निमुळता मनोरा, मध्ये डोम नावाच्या मुख्य चर्चचं काळपट छत आणि डावीकडे सेंट जेकबचं टोक. लाटव्हियाच्या राजधानीची ही पहिली ओळख इतकी देखणी आहे, की गावात शिरताना नदीकडची खिडकी जरूर पकडावी.

जूनचा तिसरा आठवडा मुद्दाम निवडला होता. २३ जूनच्या रात्री लाटव्हियात लीगो असतो. वर्षातल्या सगळ्यांत लहान रात्रीचा हा सण तिथल्या लोकांना नाताळाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त प्रिय आहे. आईला तो बघायचा होता. मला शहर बघायचं होतं. नंतर कळलं, की ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

खोलीवर सामान टाकून लगेच बाहेर पडलो. रात्री दहानंतर सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ हाताशी भरपूर उरते. जुनं शहर लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस मिनिटं पुरतात. रस्ते गोट्यांचे, आईनं बूट घातले होते ते बरं झालं.

टाउन हॉलच्या चौकात ब्लॅकहेड्सचं घर आहे. विटांच्या लाल रंगाची, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणारी, सोनेरी घड्याळ आणि मूर्ती मिरवणारी ही इमारत रीगाच्या प्रत्येक फोटोत असते. अविवाहित व्यापाऱ्यांच्या संघाचं हे घर. संत मॉरिस हा त्यांचा रक्षक संत, त्याच्या कृष्णवर्णी मुखावरून संघाला हे नाव मिळालं. १३३४ पासून हिची नोंद सापडते. पण आपण बघतो ती भिंत १९९९ सालची आहे. जून १९४१ मध्ये जर्मन माऱ्यात घर जळालं, उरलेले अवशेष सोव्हिएत राजवटीनं १९४८ मध्ये पाडून टाकले आणि स्वातंत्र्यानंतर ते पायापासून पुन्हा बांधलं गेलं. खरी जुनी आहेत ती फक्त तळघरं. मी कधी मातीत मिळालो तर माझ्या भिंती पुन्हा उभ्या करा, अशा अर्थाचा मजकूर दर्शनी भागावर कोरलेला आहे. लोकांनी तो आज्ञेसारखा पाळला.

सेंट पीटरचीही तीच गोष्ट. १२०९ मध्ये ह्या चर्चचा पहिला उल्लेख येतो. त्याचा लाकडी मनोरा एके काळी युरोपातल्या सर्वांत उंच लाकडी मनोऱ्यांपैकी एक होता. १७२१ मध्ये वीज पडून तो जळाला, पुन्हा बांधला. १९४१ मध्ये पुन्हा जळाला, १९७३ पर्यंत पुन्हा उभा राहिला, ह्या वेळी पोलादी सांगाड्यावर. मनोरा पुरा झाला की मुख्य कारागिरानं टोकावर बसून दारूचा पेला रिकामा करायचा आणि खाली फेकायचा, अशी प्रथा होती. जितके तुकडे, तितकी मनोऱ्याची शतकं. १७४६ मध्ये पेला म्हणे गवताच्या गाडीत पडला आणि जेमतेम तडकला. नव्या मनोऱ्याच्या वेळी मात्र त्याचा चुरा झाला आणि लोक खूश झाले. लिफ्टनं ७२ मीटर वर जाता येतं. वरून नदी, पूल, बाजाराची पाच पन्हळी छपरं आणि पलीकडे सपाट हिरवा मुलूख दिसतो.

इथल्या इतिहासाचा ढाचा एकदा समजून घेतला की बाकीचं आपोआप उलगडतं. १२०१ मध्ये बिशप आल्बर्टनं शहर वसवलं ते जर्मन धर्मप्रसारक आणि व्यापाऱ्यांसाठी. मग पोलंड-लिथुआनिया आलं, १६२१ मध्ये स्वीडन, १७१० मध्ये रशियाचा झार. १९१८ मध्ये पहिलं स्वातंत्र्य, १९४० मध्ये सोव्हिएत फौजा, १९४१ मध्ये नाझी, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत आणि १९९१ मध्ये पुन्हा स्वातंत्र्य. आठशे वर्षांच्या शहरात स्वतःचं राज्य असलेली वर्षं अजून साठसुद्धा भरत नाहीत. १८६७ च्या जनगणनेत रीगात सगळ्यांत जास्त लोक जर्मन होते आणि लाटव्हियन चौथ्या हिश्श्याच्याही आत. ह्या सुंदर चौकांवर, गिल्डच्या म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघांच्या दालनांवर, उंच चर्चवर मालकी दुसऱ्यांची. खेड्यातला लाटव्हियन शेतकरी १८१७ आणि १८१९ च्या कायद्यांपर्यंत जर्मन जमीनदाराचा वेठबिगार होता.

लिवू चौकातलं मांजरघर ह्याच पार्श्वभूमीवर बघावं. १९०९ च्या ह्या पिवळ्या इमारतीच्या छपरावर दोन काळी मांजरं पाठ उभारून उभी आहेत. समोरच्या मोठ्या गिल्डनं सभासद करून घेतलं नाही म्हणून एका श्रीमंत व्यापाऱ्यानं मांजरांच्या शेपट्या गिल्डकडे करून ठेवल्या होत्या, अशी दंतकथा सांगतात. आता गिल्डच्या त्या इमारतीत संगीताच्या मैफली होतात. दंतकथा खरी असो नसो, दाराबाहेर ठेवलेल्या माणसाचा राग तिच्यात नेमका पकडलाय.

शुक्रवार

सकाळी पूल ओलांडून नदीच्या पलीकडे गेलो, राष्ट्रीय ग्रंथालयात. पर्यटक बहुतेक इकडे येत नाहीत, लांबून फोटो काढतात. माझं मत विचाराल तर रीगात एकच जागा बघायला वेळ असेल तर ही बघा.

इमारत म्हणजे काचेचा डोंगर. तिला लोक 'गाइस्मास पिल्स' म्हणतात, प्रकाशाचा किल्ला. शत्रूच्या काळात एक किल्ला पाताळात गडप झाला आणि लोकांना त्याचं नाव आठवलं की तो पुन्हा वर येईल, अशी कल्पना घेऊन एकोणिसाव्या शतकात एक कविता लिहिली गेली. तिला याझेप्स वितोल्स यांनी चाल लावली. ते समूहगीत इतकं लोकांचं झालं, की १९८५ च्या गीत महोत्सवात ते कार्यक्रमातून गाळल्यावर जमलेल्या गर्दीनं हट्ट धरला, हारल्ड्स मेडनिस ह्या वृद्ध संगीत संचालकांना पुढे आणलं आणि गाऊन घेतलं. राजवट सोव्हिएत होती, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या हट्टाची किंमत कळते.

किल्ला वर यायला २०१४ साल उजाडलं. वास्तुरचनाकार गुनार बिर्केर्ट्स रीगातच जन्मले, युद्धात देश सोडून गेले आणि अमेरिकेत नावारूपाला आले. म्हातारपणी त्यांनी मायभूमीला हा डोंगर बांधून दिला. १८ जानेवारी २०१४ रोजी, शून्याखालच्या थंडीत, सुमारे १४ हजार माणसं जुन्या ग्रंथालयापासून नव्यापर्यंत दोन किलोमीटरची रांग करून उभी राहिली आणि हातोहात पुस्तकं पलीकडे पोचवली. हातमोजे घातलेल्या हातांतून, आपण काल बसनं ओलांडला त्याच पुलावरून. आत शिरल्यावर मधल्या मोकळ्या भागात अनेक मजले उंचीचं काचेचं पुस्तक-शेल्फ दिसतं. त्यात लोकांनी भेट दिलेली पुस्तकं आहेत, प्रत्येकात देणाऱ्यानं ते पुस्तक आपल्याला का जवळचं आहे ते लिहिलंय.

आणि इथेच ते कपाट आहे.

क्रिश्यानिस बारोन्स (१८३५-१९२३) हे लाटव्हियन लोकगीतांचे संग्राहक. ह्या गीतांना 'दाइना' म्हणतात. बहुतेक दाइना चार ओळींच्या. बारोन्स मॉस्कोत शिकवणीचं काम करत असताना गावोगावच्या लोकांनी उतरवून पाठवलेल्या गीतांचा ढीग त्यांच्याकडे जमू लागला. तो लावायचा कसा? त्यांनी स्वतः आराखडा काढून १८८० मध्ये एक लाकडी कपाट करून घेतलं. सत्तर खण, प्रत्येक खणात वीस कप्पे. एकेका गीतासाठी तीन सेंटिमीटर रुंद आणि अकरा सेंटिमीटर लांब अशी कागदाची पट्टी. जन्म, बारसं, अनाथपण, गुरं राखणं, लग्न, सासर, म्हातारपण, मरण अशी माणसाच्या आयुष्याच्या क्रमानं लावणी. असं करत १८९४ ते १९१५ ह्या काळात सहा खंड छापून झाले, २ लाख १७ हजार ९९६ गीतांचे. कपाटातल्या पट्ट्या आज अडीच लाखांवर आहेत. २००१ मध्ये युनेस्कोनं ह्या कपाटाची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली.

कपाट प्रत्यक्षात केवढं? माझ्या खांद्याच्या वर येईल इतकं उंच, रुंदी दोन हातांत मावेल इतकी. तपकिरी, साधं, नक्षी नाही. एखाद्या जुन्या वैद्याच्या घरी काष्ठौषधींचं असावं तसं. पट्ट्यांवरचं अक्षर शाईचं, बारीक, तिरकं. कोपऱ्यात आकडे, कुठे खोडलेला शब्द. बारोन्सना चष्मा लावून रात्री दिव्यापाशी हे लिहिताना डोळ्यांपुढे आणा. लाटव्हियन लोकांना ना राजा, ना राजवाडा, ना सैन्य. जे होतं ते ह्या खणांमध्ये होतं.

ग्रंथालयातल्या एका मदतनीस बाईंनी आम्हाला दळणाच्या गीतांचा विभाग समजावून सांगितला. तिकडे पहाटे जात्यावर बसायचं काम मुली-बायकांचंच. अनाथ पोर दळतेय, जातं जड आहे, सूर्य अजून उगवला नाही, आई नाही म्हणून तिच्याकडून जास्त दळून घेतलं जातंय, अशी गीतंच्या गीतं. मी आईला सांगत होते आणि आई मान हलवत होती. ती मूळची सातारा जिल्ह्यातली. माझी पणजी जात्यावर बसायची तेव्हा आई तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजायची. "जात्याशीच बोलायच्या बायका," आई म्हणाली. "माणसांशी बोलायची सोय कुठे होती?" हे मी इंग्रजीतून त्या बाईंना सांगितलं. त्यांनी आईचा हात हातात घेतला.

आपल्याकडेही हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून घेतल्या. ते काम जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहाच्या तोडीचं आहे. पण जात्यावरची ओवी जपणारं असं एक कपाट, शाळेतल्या मुलांना सहलीला नेऊन दाखवावं असं, आपल्या राज्यात नाही ह्याची मला तिथे उभं राहून खंत वाटली. पट्ट्यांच्या प्रतिमा आता संगणकावर कुणालाही मोफत बघता येतात. ते आपण करू शकतो.

तिथून किपसाला बेटावर गेलो. लाकडी घरांची शांत वस्ती, दारात सफरचंदाची झाडं. एका गल्लीच्या टोकाला झानिस लिप्के यांचं स्मारक आहे. लिप्के गोदी कामगार होते. युद्धात जर्मन हवाईदलाच्या गोदामात त्यांना काम मिळालं. तिथे मजुरीला आणलेल्या ज्यूंना त्यांनी ट्रकमधून, पहारेकऱ्यांना चिरीमिरी देऊन, बाहेर काढायला सुरुवात केली. पत्नी योहान्ना आणि काही विश्वासू सोबत्यांच्या मदतीनं पन्नासच्या आसपास माणसं त्यांनी वाचवली. घरामागच्या लाकडाच्या वखारीखाली त्यांनी खड्डा खणला होता, त्याच्या तोंडावर कुत्र्याचं घर ठेवलं होतं.

स्मारकाची इमारत काळ्या लाकडाची आहे, पालथ्या होडीसारखी. आत अंधार. वरच्या मजल्याच्या मध्यातून खाली वाकून बघायचं. तळाशी तीन मीटर बाय तीन मीटरचा खड्डा आणि त्यात नऊ बाकं. खाली उतरता येत नाही, फक्त बघता येतं. रीगाजवळच्या रुम्बुला जंगलात ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ ह्या दोन दिवसांत सुमारे २५ हजार ज्यूंना गोळ्या घातल्या होत्या. त्या कामात स्थानिक लाटव्हियन माणसंही सामील होती, हे इथे लपवलेलं नाही. त्याच गावातल्या, त्याच वेळच्या एका गोदी कामगारानं हा खड्डा खणला. आम्ही बाहेर येऊन बराच वेळ नदीकाठच्या बाकावर बसलो होतो.

शनिवार

सकाळ आल्बर्टा रस्त्यावर. रीगात आर्ट नूव्हो ह्या १९०० च्या आसपासच्या नक्षीदार शैलीच्या जवळपास ८०० इमारती आहेत, शहराच्या मध्यभागातलं दर तिसरं घर म्हटलं तरी चालेल. इतकी एका ठिकाणी जगात क्वचितच सापडतील. १८५७ ते १८६३ मध्ये तटबंदी पाडली, शहर पसरलं, बंदर आणि कारखाने रशियन साम्राज्यात पहिल्या काही क्रमांकांत गेले, पैसा आला आणि १९०१ ते १९०८ ह्या काळात हा अख्खा रस्ता उभा राहिला. त्यातली सगळ्यांत नजरेत भरणारी घरं मिखाइल आयझेनस्टाइन यांची. चित्रपट दिग्दर्शक सेर्गेई आयझेनस्टाइन यांचे हे वडील.

२ अ नंबरच्या घरासमोर मात्र थांबून वर बघा. दाराशी दोन स्फिंक्स बसलेत. सगळ्यांत वरच्या मजल्याच्या खिडक्यांत काच नाही, पडदा नाही, आभाळ दिसतं. तो मजलाच नाही, नुसती भिंत उंच दिसावी म्हणून वर नेलीय. ह्याच घरात तत्त्वचिंतक आयझाया बर्लिन लहानपणी राहिले. जवळच एलिझाबेथ रस्त्यावरच्या १० ब नंबरच्या घरावर निळ्या टाइल्सच्या वर माणसांचे दोन अवाढव्य चेहरे आहेत, लांबट, डोळे रोखलेले.

पण मला जास्त आवडलं ते आल्बर्टा रस्त्यावरचं ११ नंबर. गडद, खडबडीत, उतरत्या छपराचं. एइझेन्स लाउबे यांचं, १९०८ सालचं. तोपर्यंत रीगाच्या तंत्रशिक्षण संस्थेतून शिकून लाटव्हियन वास्तुरचनाकारांची पहिली पिढी बाहेर पडली होती. त्यांनी चेहरे आणि पऱ्या बाजूला ठेवल्या आणि दगड, लाकूड, आपल्या खेड्यातल्या घरांचे उतार आणि विणकामातली नक्षी भिंतींवर आणली. आल्बर्टा रस्त्यावर चालताना एका बाजूला साम्राज्याची श्रीमंती दिसते आणि दुसऱ्या बाजूला इथल्या माणसाचा स्वतःचा हात फिरू लागलेला दिसतो. १२ नंबरमध्ये वास्तुरचनाकार कॉन्स्टान्टिन्स पेक्शेन्स यांचं घर संग्रहालय म्हणून ठेवलंय. तिथला गोल जिना खालून बघावा, शंखात डोकावल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघरात त्या काळची चूल, भांडी, बरण्या सगळं जागच्या जागी आहे, आईनं तिथेच सर्वांत जास्त वेळ काढला.

दुपारी मध्यवर्ती बाजार. मनोऱ्यावरून दिसलेली ती पाच छपरं म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मनांनी झेपेलिन नावाची हवाई जहाजं ठेवायला बांधलेल्या शेडचे वरचे भाग. नव्या स्वतंत्र देशानं ते उचलून आणले आणि १९३० मध्ये त्यात बाजार भरवला. मांस, दूध, मासे, भाजी असे दालनवार भाग. आई मांसमच्छी खात नाही, अंडं चालतं. तिच्यासारख्यांसाठी सांगते : काळी राईची पाव-भाकरी जड, आंबूस आणि शहाजिऱ्याची, तिच्यावर भांगेच्या बियांचं करड्या रंगाचं लोणी, त्यात नशा काही नाही, तिळकुटाच्या जवळची चव. स्क्लांद्राउसिस म्हणजे राईच्या पारीत बटाटा आणि गाजराचं गोडसर सारण. बीटाचं थंड गुलाबी सूप ताकातल्या कोशिंबिरीसारखं लागतं आणि उन्हाळ्यात पोट गार करतं. करडे वाटाणे मागताना डुकराचं मांस घालू नका असं आधीच सांगायचं. शेपूची जुडी मात्र प्रत्येक पदार्थावर असतेच. सी-बकथॉर्नचा रस आंबट, केशरी, लडाखला जाऊन आलेल्यांना ओळखीचा. मासेखाऊंनी धुरावलेल्या मासळीच्या दालनात थेट जावं, वासानंच रस्ता सापडतो.

बाजाराच्या मागे पूर्वीच्या गोगोल रस्त्यावर ४ जुलै १९४१ रोजी जाळलेल्या मोठ्या सिनेगॉगचे अवशेष आहेत. शेजारच्या स्मारकावर ज्यूंना वाचवणाऱ्यांची नावं, त्यांत लिप्के.

रविवार

दुपारी डोममध्ये ऑर्गनवादनाचा वीस मिनिटांचा छोटा कार्यक्रम ऐकला. चर्चमध्ये जायला पायऱ्या उतराव्या लागतात, कारण आठशे वर्षांत भोवतालची जमीन वर आली. ऑर्गन १८८४ चा, ६ हजार ७१८ नळ्यांचा. तेव्हा जगातला सर्वांत मोठा. खर्जातला सूर लागतो तेव्हा बाक थरथरतो.

नंतर ऑक्युपेशन म्युझियम, परक्या राजवटींच्या काळाचं संग्रहालय. ब्लॅकहेड्सच्या रंगीत घराशेजारी काळी लांबट पेटी वाटावी अशी ही इमारत. सोव्हिएत काळात लाल रायफलवाल्यांचं, म्हणजे बोल्शेविकांच्या बाजूनं लढलेल्या लाटव्हियन सैनिकांचं, संग्रहालय म्हणून ती बांधली होती. १४ जून १९४१ च्या एका रात्रीत १५ हजारांहून जास्त माणसं, लेकराबाळांसह, गुरांच्या डब्यांत भरून सायबेरियाकडे नेली. मार्च १९४९ मध्ये आणखी ४२ हजारांवर. कागद मिळत नसे तेव्हा त्यांनी भूर्जाच्या सालीवर पत्रं लिहिली. तशी पत्रं लाटव्हियानं जपून ठेवली आहेत, साल पातळ सोललेली, कडा वळलेल्या, अक्षर शक्य तितकं लहान.

तिथून स्वातंत्र्यस्मारक चालत दहा मिनिटांवर. ४२ मीटर उंच, वर हातांत तीन तारे धरलेली स्त्री. तारे म्हणजे देशाचे प्रांत. शिल्पकार कार्लिस झाले यांचं काम, लोकवर्गणीतून उभं राहिलेलं, १८ नोव्हेंबर १९३५ ला खुलं झालेलं. सोव्हिएत काळात इथे फूल ठेवणं गुन्हा होता. १४ जून १९८७ ला हेलसिंकी-८६ ह्या मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या गटानं उघडपणे फुलं ठेवली आणि बांध फुटला. जवळच्या बागेत जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत विशेष पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांचे दगड आहेत, त्यांतले दोघे माहितीपटाचे कॅमेरामन. तेव्हा खेड्यांतून शेतकरी ट्रॅक्टर आणि ओंडके घेऊन आले, गल्ल्या अडवल्या, चौकाचौकांत शेकोट्या पेटवून गात बसले. आम्ही गेलो तेव्हा स्मारकाच्या पायथ्याशी ताजी फुलं होती. आईनं बाजारातून घेतलेली निळी कॉर्नफ्लॉवरची जुडी त्यांत ठेवली.

संध्याकाळी डोमच्या चौकात लीगोचा झाडपाल्याचा बाजार भरला होता. हातगाड्या, टेबलं, जमिनीवर पसरलेली पोती, सगळीकडे पाला आणि फुलं. बायकांसाठी रानफुलांची वेणी, पुरुषांसाठी ओकच्या पानांचा भरगच्च मुकुट. खेड्यांतून आलेल्या आज्या बोटं न थांबवता विणत होत्या. आईनं एकीच्या शेजारी बसून विचारलं, तिनं तिला सात-आठ देठ दिले आणि गाठ कशी मारायची ते दाखवलं. गजऱ्याच्या गाठीपेक्षा वेगळी आहे, प्रत्येक नवा देठ आधीच्या सगळ्यांना वळसा घालून परत मागे जातो. भाषा लागली नाही.

सोमवार

लीगोला दुकानं लवकर बंद होतात, निम्मं शहर गावाकडे जातं. जे उरतात ते नदीकाठी जमतात. दुपारी झोप काढून घ्या, कारण ह्या रात्री झोपणारा वर्षभर आळशी राहतो असं मानतात.

काठावर मंच, शेकोट्या, बियर आणि यान्यु सिएर्स, म्हणजे शहाजिरं घातलेलं पिवळं गोल चीज. लीगा नावाच्या बायकांचा आज नामदिन, यानिस नावाच्या पुरुषांचा उद्या, आणि प्रत्येक घरात एक तरी यानिस असतोच. १९६० च्या सुमाराला सोव्हिएत सत्तेनं हा सण कॅलेंडरमधून काढून टाकला होता. लोक घरोघरी करत राहिले.

गाणं सुरू होतं ते कुणी सांगितल्याशिवाय. एक बाई चार ओळी म्हणते, बाकीचे ओळीच्या शेवटी 'लीगो, लीगो' म्हणत उचलून धरतात. मग दुसरी कुणी. ओळींत कुणाची थट्टा, कुणाचं कौतुक, गवत वेळेवर कापलं नाही म्हणून शेजाऱ्याला टोमणा. कुणाच्याही हातात कागद नाही. कपाटातल्या त्या पट्ट्या इथे तोंडपाठ होत्या, पंधरा वर्षांच्या मुलीलासुद्धा. दर पाच वर्षांनी होणारा गीत महोत्सव १८७३ पासून चालू आहे. २०२३ मध्ये त्यात ४० हजारांच्या आसपास लोक गायले-नाचले. देशाची लोकसंख्या वीस लाखांच्याही आत आहे, हे धरून त्या आकड्याकडे बघा.

साडेदहाच्या सुमाराला सूर्य बुडाला, पण उत्तरेकडचं आभाळ उजळच राहिलं. जोडपी हात धरून शेकोटीवरून उड्या मारत होती. आमच्या शेजारच्या बायकांनी आईकडे बघून हातानं विचारलं, तुमच्याकडचं काही? आई लाजली नाही. पणजीची एक ओवी तिनं सावकाश म्हटली आणि तिसऱ्या ओळीपासून त्या बायकांनी तिला 'लीगो' जोडून दिलं. छंद जुळला नाही, पण कुणी थांबलं नाही. साडेचारला सूर्य वर आला तेव्हा बरेच जण अजून गात होते.

मंगळवार

सगळं बंद. अर्ध्या तासाची लोकल धरून युर्मालाला गेलो. नक्षीदार लाकडी बंगले, पाइनची झाडं आणि मैलोन्मैल पांढरट बारीक वाळू. समुद्र इतका उथळ, की शंभर पावलं आत गेलं तरी पाणी गुडघ्याला. रीगाच्या आखातात नद्यांचं पाणी भरपूर मिसळतं, त्यामुळे खारटपणा अगदी कमी. आईनं ओंजळीनं चव घेऊन दोनदा खात्री केली. पाणी थंड आहे, पाय ओले करण्यापलीकडे आमची मजल गेली नाही.

संध्याकाळची बस विल्नियसची. हा रस्ता बाउस्काहून लिथुआनियात उतरतो. २३ ऑगस्ट १९८९ रोजी, हिटलर आणि स्टालिन यांच्या कराराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, विल्नियसपासून रीगामार्गे एस्टोनियातल्या टालिनपर्यंत सुमारे वीस लाख माणसं एकमेकांचे हात धरून उभी होती ती ह्याच रस्त्यानं. मी आईला ते सांगितलं आणि तिनं लगेच विचारलं, "आणि तेव्हाही गात होते का गं?" गात होते. ते मी तिला बाउस्का येईपर्यंत सविस्तर सांगितलं.